शेवटून दुसरी ओळ

सीबीएसच्या समोर, कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून
एकोणीस वर्षं मी अर्ज टाइप करते.
मजकूर ज्याचा त्याचा.
शेवटून दुसरी ओळ मात्र माझी:
‘तरी मानवतावादी दृष्टिकोनातून विचार व्हावा, ही नम्र विनंती.’
ती बोटांनाच पाठ आहे.
बदलीला चालते, थकलेल्या पाणीपट्टीला चालते,
गाळ्याच्या मुदतवाढीला चालते.
एकदा एका बिल्डरच्या वाढीव मजल्यालाही चालली.
ओळीचे वेगळे पैसे मी घेत नाही.

मार्चात सिव्हिलकडून जिवली भोये आली.
नवरा आत, शवागारात.
घर सुरगाण्याच्याही पुढे, गुजरातच्या अंगाला.
शववाहिका मिळावी म्हणून अर्ज.
टाइप केला, नेहमीसारखा वाचून दाखवला.
ती शेवटून दुसऱ्या ओळीवर अडली.

‘वादी म्हंजे आमीच ना?
वनजमिनीच्या केशीत आमीच वादी आहाव.
मंग परतिवादी कोन?’

मी म्हटलं, बाई, हा तो वादी नाही.
हा वाद म्हणजे विचार. तत्त्व.
म्हणजे माणसानं माणसाला...
पुढचा शब्द सुचेना.
कीबोर्डवर तर सगळी अक्षरं होती.

‘आन् दृष्टी कोन?’
तिला तो प्रश्नच वाटला होता.
बघणार कोन?
मी म्हटलं, साहेब.
‘मंग साहेबाचं नाव लिवा ना.’

अर्ज आत गेला. आवकचा शिक्का, तारीख, सही.
एक गाडी गॅरेजमध्ये, दुसरी इगतपुरीला गेलेली.
चार वाजले.

टपरीशी एक पिकअप उभी होती,
बोरगावहून स्ट्रॉबेरी घेऊन आलेली, रिकामी परतणारी.
धवळू गांगुर्डे आमचं ऐकत होता, किंवा नसेलही.
ग्लास ठेवून त्यानं एवढंच विचारलं:
‘उंची किती होती गड्याची?’
जिवलीनं स्वतःच्या डोक्यावर
वीतभर हात धरला.

त्यानं हौदा पावलांनी मोजला.
क्रेट उतरवले, बावीस.
माझ्या टेबलाखाली, भिंतीलगत, मावतील तिथं रचले.
‘बेस्तरवारी नेतो.’
तळाशी लाल रस वाळून चिकटला होता,
तो बाटलीतल्या पाण्यानं धुतला,
उरलेलं पाणी स्वतः प्यायला.
डिझेलचे तीनशे सांगितले.
तिनं पदराची गाठ सोडून मोजून दिले,
आणि दिवसभरात पहिल्यांदा मान वर करून उभी राहिली.
मला वाटलं होतं, तो घेणार नाही.
मला असं का वाटलं, ते मी अजून शोधते आहे.

गाडी अशोकस्तंभाकडे वळली.
ती मागेच बसली, ताडपत्रीवर हात ठेवून,
झोपलेल्याचं पांघरूण वाऱ्यानं उडू नये तसा.

अर्जावर पत्ता माझ्या टेबलाचा होता.
एप्रिल उलटून गेल्यावर उत्तर आलं:
‘विषयांकित प्रकरणी मानवतावादी दृष्टिकोनातून
उचित कार्यवाही करण्यात येत आहे.’
माझीच ओळ, हिंडून फिरून
माझ्याकडे परत आली होती,
खाली सही, सहीखाली हुद्दा.
नाव नव्हतं.

धवळू बेस्तरवारी आलाच नाही, शनिवारी आला.
एकवीस क्रेट नेले, एक विसरला.
उन्हं तापली की त्याला अजून गोडसर वास सुटतो.
मी त्यावर पाय ठेवून टाइप करते.

काल एका पेन्शनच्या अर्जात
त्या ओळीपाशी बोटं थांबली.
समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं,
आजोबा, बघणाऱ्याचं नाव काय घालू?
तो गोंधळला. खिशातला चष्मा काढला, परत ठेवला.
म्हणाला, नेहमीचं घाला, बाई.

नेहमीचं घातलं.
क्रेटवरची माशी हाकलली.